अभिव्यक्तिवाद, चित्रकलेतील

बाह्य वस्तूचे यथातथ्य दर्शन घडविण्याऐवजी त्या वस्तूच्या किंवा प्रसंगाच्या निमित्ताने कलावंताच्या मनात उद्‌भवणाऱ्या भावना रंग, रेषा व आकार यांच्या द्वारा प्रकट करण्यावर भर देणारी आधुनिक चित्रकलेतील प्रवृत्ती व चळवळ. ‘अभिव्यक्तिवाद’ ही संज्ञा दोन अर्थांनी वापरली जाते. व्यापक अर्थाने भावाविष्कारासाठी निसर्गरूपांत हेतुतः बदल करणारी कोणत्याही काळातील व देशातील कला तीत समाविष्ट होते. संकुचित अर्थाने, सामान्यतः १९०५ ते १९२० या कालखंडात जर्मनी व ऑस्ट्रिया या देशांत बहरास आलेली कलाचळवळ असा तिचा अर्थ होतो. चित्रकलेबरोबरच मूर्तिकला, साहित्य, रंगभूमी, संगीत, वास्तुकला व चित्रपट या क्षेत्रांतही ही चळवळ पसरली. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे चित्रकलेचा विचार केला आहे.

या संज्ञेचा प्रचार १९११ च्या सुमारास झाला. त्या वर्षी बर्लिन येथील ‘सेत्सेसिओन’ या कलावंतसंघाने भरविलेल्या प्रदर्शनात काही फ्रेंच चित्रकारांच्या कृतींना ‘अभिव्यक्तिवादी’ असे संबोधण्यात आले. दृक्‌प्रत्ययवादाहून वेगळी वाट चोखाळणारे चित्रकार, एवढाच त्यामागील आशय होता. पुढे हेरव्हार्ट व्हाल्डेन (१८७८–१९४१) याने आपल्या ‘डेअर श्टुर्म’ (वादळ) या नियतकालिकातून व त्याच नावाच्या कलावीथीतून तिचा पुरस्कार केला आणि पहिल्या महायुद्धापर्यंत ती जर्मन कलेशी निगडित झाली. ज्या चित्रकारांना आज अभिव्यक्तिवादी म्हटले जाते, त्यांपैकी अनेकांनी मात्र हे नाव स्वतःस कधी लावून घेतले नाही.

तात्त्विक भूमिका : चित्रात भावना दाखविणे आणि चित्रातून भावना व्यक्त करणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. यूरोपातील अकादमीय परंपरेत पहिलीस महत्त्व होते. शार्ल ल ब्रं (१६१९–९०) या फ्रेंच चित्रकाराने १६६८ मध्ये मनोविकारांच्या चित्रणाविषयी व्याख्यान दिले आणि क्रोध, भय, शोक, विस्मय इ. विकारांत भुवया, डोळे व ओठ यांची ठेवण कशी असते, याचे रेखाटनांसह वर्गीकरण केले. या पद्धतीत भावनेचे स्थान चित्रातील व्यक्तीच्या मुखावर व हावभावांत असते. चित्रकाराने तटस्थपणे तिचे निरीक्षण करावयाचे असते. अभिव्यक्तिवादी चित्रात याउलट भावना संपूर्ण चित्रफलकावर पसरलेली असते. रस्ता, भिंत, आकाश, झाड यांचे रंग व आकारही तिने घडविलेले असतात. एखाद्या रिकाम्या खोलीचे चित्रही त्यामुळे भयसूचक होऊ शकते. आंरी मातीस (१८६९–१९५४) यानेही १९०८ मधील आपल्या एका निबंधात, अभिव्यक्ती ही चेहऱ्यावर उमटणाऱ्या विकारात नसून चित्राच्या एकूण रचनेत असते, असे प्रतिपादिले होते. मातीसला चित्रातून समतोल व विश्रांती साधावयाची होती, तर जर्मन चित्रकारांना अस्वस्थता व संघर्ष यांना वाट करून द्यावयाची होती, हा दोहोंतील भेद होय.

याच सुमारास सौंदर्यशास्त्रातही अभिव्यक्तीच्या संकल्पनेस मध्यवर्ती स्थान लाभले. लीओ टॉलस्टॉय (१८२८–१९१०) याने एकाच्या भावनेचे दुसऱ्यात संक्रमण हे कलेचे कार्य मानले, तर बेनेदेत्तो क्रोचे (१८६६–१९५२) या इटालियन तत्त्वज्ञाने १९०२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सौंदर्यशास्त्रविषयक ग्रंथात अंतःप्रज्ञा व अभिव्यक्ती यांचे ऐक्य प्रतिपादिले. आर. जी. कॉलिंगवुड (१८८९–१९४३) या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९३८ मध्ये मांडलेला भेद येथे विशेष उपयुक्त आहे. भावना बाहेर पडू देणे म्हणजे ती व्यक्त करणे नव्हे. संतापलेला माणूस ओरडतो, तेव्हा त्याचा संताप केवळ उघड होतो. आपल्याला नेमके काय वाटते याचा शोध माध्यमाच्या साहाय्याने घेतला जातो, तेव्हाच अभिव्यक्ती घडते. अभिव्यक्तिवादी चित्रे भावनेच्या भरात, विचाराविना रंगविलेली असतात, हा प्रचलित समज या दृष्टीने तपासून पाहावा लागतो. मुंक, किर्खनर वा नोल्डे यांनी एकच विषय वारंवार व निरनिराळ्या माध्यमांत हाताळला, ही वस्तुस्थिती त्या समजाच्या विरोधात जाते.

भारतीय रसविचाराशी या भूमिकेचे काही अंशी साम्य आहे. विष्णुधर्मोत्तरपुराणातील चित्रसूत्र या विभागात शृंगारादी नऊ चित्ररस सांगितले असून कोणता रस कोणत्या प्रकारच्या स्थळी चित्रित करावा, याचेही विवेचन आहे. तथापि रससिद्धांतात भावनेचे साधारणीकरण, म्हणजे ती व्यक्तिगत संबंधांपासून मुक्त होणे, आवश्यक मानले आहे. अभिव्यक्तिवादात मात्र कलावंताच्या व्यक्तिगत अनुभवाची तीव्रता व सचोटी हाच कलाकृतीचा आधार मानला जातो.

पूर्वसूरी : मातीआस ग्र्यूनेव्हाल्ट (मृ. १५२८) याने सु. १५१२–१६ मध्ये ईझेनहाइम येथील मठासाठी रंगविलेले वेदिचित्र जर्मन अभिव्यक्तिवाद्यांना आदर्शवत वाटले. या मठाच्या रुग्णालयात ‘संत अँटोनीचा अग्नी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दाहक व्याधीच्या रुग्णांवर उपचार होत असत. ग्र्यूनेव्हाल्टने क्रुसावरील ख्रिस्ताच्या देहावर व्रण दाखविले व हातांची बोटे वेदनेने ताठरलेली रंगविली. व्याधिग्रस्तांना आपल्या यातना त्या देहात दिसाव्यात, अशी ही योजना होती. एल ग्रेको (१५४१–१६१४) याच्या उंच, ज्वालांसारख्या भासणाऱ्या मानवाकृती आणि फ्रांथीस्को गोया (१७४६–१८२८) याने वार्धक्यात आपल्या घराच्या भिंतींवर रंगविलेली ‘काळी चित्रे’ हीदेखील याच परंपरेत मोडतात.

चळवळीची प्रत्यक्ष पूर्वतयारी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली. व्हिन्सेंट व्हान गॉख (१८५३–९०) याने रंगाला वस्तूच्या नैसर्गिक वर्णापासून मुक्त केले. रात्रीचे उपाहारगृह (१८८८) या चित्रात लाल भिंती व हिरवे छत यांचा कर्कश विरोध साधून मानवी विकारांची भीषणता प्रकट करण्याचा आपला हेतू त्याने पत्रांतून स्पष्ट केला आहे. पॉल गोगँ (१८४८–१९०३) याचे सपाट रंगपृष्ठ व आदिम जीवनाची ओढ, तसेच जेम्स एन्सॉर (१८६०–१९४९) या बेल्जियन चित्रकाराची मुखवट्यांनी गजबजलेली उपरोधिक चित्रे यांचाही प्रभाव पुढील पिढीवर पडला.

एडव्हार्ट मुंक (१८६३–१९४४) या नॉर्वेजियन चित्रकाराचे स्थान या पूर्वसूरींत अनन्यसाधारण आहे. पाच वर्षांचा असताना आई आणि पुढे १८७७ मध्ये थोरली बहीण क्षयाने दगावल्याचे दुःख त्याच्या मनात कायमचे घर करून राहिले. आजारी मूल (१८८५–८६) या चित्रात त्याने रंगाचे थर पुनःपुन्हा चढवून व खरवडून त्या स्मृतीला रूप दिले आणि नंतरच्या चाळीस वर्षांत हा विषय अनेकदा रंगविला. बर्लिनमधील त्याचे १८९२ चे प्रदर्शन गदारोळामुळे आठवड्याभरात बंद करावे लागले. परंतु त्यामुळेच तरुण जर्मन कलावंतांचे लक्ष त्याच्याकडे वेधले गेले. किंकाळी (१८९३) हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध चित्र. त्यातील पुलाचा कठडा सरळ रेषेत वेगाने दूर जातो, तर आकाश, खाडी व भूमी नागमोडी रेषांनी हेलावतात. मागील दोन पादचारी शांतपणे चालत आहेत. पुढील आकृती मात्र निसर्गाच्या वळणांनीच वाकली आहे. मुंकच्या टिपणांनुसार, सूर्यास्तसमयी निसर्गातून आरपार गेलेली एक किंकाळी त्याला जाणवली होती. आकृतीने कानांवर हात घेतले आहेत, ते यामुळे. दोन सहचर व एकाकी व्यक्ती यांना दिसणारे जग एकच असूनही अनुभव भिन्न आहे, हा आशय चेहऱ्याइतकाच रेषांच्या या विरोधातून व्यक्त होतो. हे चित्र वेड्याच्याच हातून निर्माण होऊ शकते, अशा अर्थाचे पेन्सिलीने लिहिलेले एक वाक्य चित्रावर आहे. ते स्वतः मुंकच्याच हस्ताक्षरात असल्याचा निर्वाळा ऑस्लो येथील राष्ट्रीय संग्रहालयाने २०२१ मध्ये दिला.

डी ब्र्यूके : एर्न्स्ट लूटव्हिख किर्खनर (१८८०–१९३८), एरिख हेकेल (१८८३–१९७०), कार्ल श्मिट-रोटलुफ (१८८४–१९७६) व फ्रिट्‌स ब्लाइल (१८८०–१९६६) या वास्तुकलेच्या चार विद्यार्थ्यांनी ७ जून १९०५ रोजी ड्रेझ्डेन येथे ‘डी ब्र्यूके’ (सेतू) हा गट स्थापन केला. एमील नोल्डे (१८६७–१९५६) व माक्स पेखश्टाइन (१८८१–१९५५) हे १९०६ मध्ये आणि ऑटो म्यूलर (१८७४–१९३०) हा १९१० मध्ये त्यांना येऊन मिळाला. पैकी नोल्डे अल्पकाळच गटात राहिला. प्रस्थापित जुन्या पिढीपासून मुक्त होऊन, आपल्याला निर्मितीस प्रवृत्त करणारे जे काही असेल ते थेटपणे व प्रामाणिकपणे व्यक्त करावयाचे, असा आशय त्यांच्या १९०६ च्या जाहीरनाम्यात होता. हा जाहीरनामा किर्खनरने लाकडावर कोरून छापला होता.

काष्ठठशाच्या तंत्राचे या गटाने केलेले पुनरुज्जीवन महत्त्वाचे आहे. लाकडाचा कठीणपणा व त्याच्या शिरांची दिशा यांमुळे हत्याराने काढलेली रेषा कोनाकार व तुटक होते. मृदू छायाप्रकाशास तीत वाव नसतो. काळा व पांढरा यांची सरळ झुंज छापात उतरते. माध्यमाचा हा विरोध लपवून न ठेवता त्यांनी त्याचाच आविष्कारासाठी उपयोग केला. पुढे त्यांच्या तैलचित्रांतील आकृतींनाही ही कोरल्यासारखी टोकदार वळणे प्राप्त झाली. ड्रेझ्डेनच्या मानववंशशास्त्रीय संग्रहालयातील पालाऊ बेटांवरील कोरीव तुळया व आफ्रिकी मूर्ती यांचाही त्यांच्यावर परिणाम झाला. या वस्तू वसाहतवादी सत्तेमार्फत यूरोपात आल्या होत्या आणि त्यांतील ‘आदिम उत्स्फूर्तता’ ही बव्हंशी यूरोपीय कलावंतांची कल्पना होती, याकडे अलीकडील अभ्यासकांनी लक्ष वेधले आहे.

१९११ मध्ये गटाचे बहुतेक सदस्य बर्लिनला गेले. तेथील गर्दीचे रस्ते, झगमगाट व माणसांतील दुरावा हे किर्खनरच्या १९१३–१५ मधील रस्त्यांच्या चित्रमालिकेचे विषय झाले. १९१३ मध्ये गट विसर्जित झाला.

डेअर ब्लाउए रायटर : ‘डेअर ब्लाउए रायटर’ (निळा घोडेस्वार) हे म्यूनिक येथे १९११ मध्ये एकत्र आलेल्या कलावंतांचे मंडळ. व्हस्यीली कँडिन्स्की (१८६६–१९४४) व फ्रान्ट्‌स मार्क (१८८०–१९१६) हे त्याचे प्रवर्तक होते. गाब्रिएले म्यून्टर (१८७७–१९६२), आउगुस्ट माके (१८८७–१९१४) व पाउल क्ले (१८७९–१९४०) यांचा त्याच्याशी संबंध होता. त्यांची भूमिका डी ब्र्यूकेच्या तुलनेने चिंतनशील व आध्यात्मिक होती. कँडिन्स्कीने १९११ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या कलेतील आध्यात्मिकतेविषयीच्या ग्रंथात ‘आंतरिक निकड’ हा कलेचा निकष सांगितला आणि रंगांचा मनावरील परिणाम वाद्यांच्या स्वरांशी ताडून पाहिला. वस्तूविना केवळ रंगाकारच भावना जागवू शकत असतील, तर चित्रात वस्तूची आवश्यकता उरत नाही. अप्रतिरूप कलेकडे नेणारा हा निष्कर्ष त्याने आपल्या चित्रांतून प्रत्यक्षात आणला. मार्कने प्राण्यांच्या निष्पाप दृष्टीतून सृष्टी पाहण्याचा प्रयत्न केला. निळे घोडे हे त्याचे प्रतीक बनले. माके १९१४ मध्ये आणि मार्क १९१६ मध्ये व्हर्दंनजवळ युद्धात मारला गेला.

व्हिएन्ना : ऑस्ट्रियात ऑस्कार कोकोश्का (१८८६–१९८०) व एगोन शीले (१८९०–१९१८) यांनी व्यक्तिचित्रणाला वेगळे वळण दिले. कोकोश्काच्या व्यक्तिचित्रांत त्वचेखालील मज्जातंतूंची अस्वस्थता जाणवते. शीलेने पार्श्वभूमी रिकामी ठेवून कृश, पिळवटलेल्या देहाच्या रेषेवरच सारा भर दिला. त्याच्या आत्मचित्रांत देह हेच मनाचे रेखाटन होते. १९१८ च्या फ्ल्यूच्या साथीत, गरोदर पत्नीच्या निधनानंतर तीनच दिवसांनी, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी तो मरण पावला.

महायुद्ध व त्यानंतर : पहिल्या महायुद्धाने (१९१४–१८) या कलेतील भयाला प्रत्यक्षाचा आधार दिला. किर्खनरच्या सैनिकाच्या वेषातील आत्मचित्र (१९१५) या चित्रात त्याचा उजवा हात मनगटाशी तुटलेला व रक्ताळलेला दिसतो. वस्तुतः त्याचा हात शाबूत होता. सैनिकी प्रशिक्षणाच्या काळात त्याचा मानसिक तोल ढळला व त्याला सेवामुक्त करण्यात आले. चित्र काढण्याची शक्ती गमावण्याची भीती त्याने तुटलेल्या हाताच्या रूपाने रंगविली. असत्य तपशिलातून मनाचे सत्य सांगण्याचे हे बोलके उदाहरण आहे.

केथे कोलव्हिट्‌स (१८६७–१९४५) ही कोणत्याही गटात सामील नसलेली, परंतु या परंपरेतील एक श्रेष्ठ कलावती. तिचा अठरा वर्षांचा मुलगा पेटर १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये बेल्जियममध्ये युद्धात मारला गेला. त्याच्या स्मारकाची कल्पना तिच्या मनात त्याच वर्षी आली. पण अनेक आराखडे रद्द करून शोकमग्न मातापिता हे गुडघे टेकलेले मूर्तियुगुल तिने १९३२ मध्ये युद्धस्मशानभूमीत उभारले. मूर्तींच्या चेहऱ्यांत तिची व तिच्या पतीची छटा आहे. दोन्ही मूर्ती एकमेकींपासून अलग, आपापल्या दुःखात गढलेल्या आहेत. आक्रोशाचा कोणताही आविर्भाव तेथे नाही. अठरा वर्षांच्या परिश्रमातून अनावश्यक ते सारे गळून पडले आहे. १९२१–२२ मधील तिच्या युद्ध या काष्ठठसामालिकेतही हाच संयम आढळतो.

१९२० नंतर भावनेच्या अतिरेकाविरुद्ध प्रतिक्रिया उमटली. माक्स बेकमान (१८८४–१९५०), ऑटो डिक्स (१८९१–१९६९) व गेऑर्ग ग्रोस (१८९३–१९५९) यांनी युद्धोत्तर समाजाचे थंड, निर्दय निरीक्षण चित्रित केले. १९२५ मध्ये मानहाइम येथील प्रदर्शनापासून या प्रवृत्तीस ‘नववस्तुनिष्ठता’ हे नाव मिळाले.

नाझी राजवट : १९३३ मध्ये नाझी पक्ष सत्तेवर आल्यानंतर ही कला रोगट व राष्ट्रविघातक ठरविण्यात आली. १९ जुलै १९३७ रोजी म्यूनिक येथे ‘अधःपतित कला’ हे प्रदर्शन उघडण्यात आले. सार्वजनिक संग्रहालयांतून जप्त केलेल्या सु. ६५० कलाकृती तेथे दाटीवाटीने, उपहासपर घोषवाक्यांसह मांडल्या होत्या. वीस लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले. जप्त केलेल्या हजारो कलाकृतींपैकी काही परदेशी विकल्या गेल्या, तर काही नष्ट झाल्या. जर्मनीसाठी लढून मृत्यू पावलेल्या मार्कचे निळ्या घोड्यांचा मनोरा (१९१३) हे चित्रही त्यांत होते; माजी सैनिकी अधिकाऱ्यांनी निषेध केल्यामुळे ते प्रदर्शनातून काढण्यात आले, पण १९४५ पासून ते बेपत्ता आहे. किर्खनरच्या ६३९ कृती संग्रहालयांतून हलविण्यात आल्या. १९३८ मध्ये त्याने स्वित्झर्लंडमध्ये आत्महत्या केली.

नोल्डेचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. त्याच्या हजाराहून अधिक कृती जप्त झाल्या आणि १९४१ मध्ये त्याच्या व्यवसायावर बंदी आली. युद्धोत्तर काळात तो नाझी दडपशाहीचा बळी म्हणून गौरविला गेला. परंतु तो स्वतः नाझी पक्षाचा सदस्य व ज्यूद्वेष्टा होता, हे पुढील संशोधनातून सिद्ध झाले. २०१९ मधील बर्लिनच्या प्रदर्शनात त्याचे पुरावे मांडण्यात आले. भावनेची उत्कटता वा प्रामाणिकपणा ही तिच्या नैतिक योग्यतेची हमी नव्हे, हे यावरून दिसते. गेऑर्ग लुकाच (१८८५–१९७१) या मार्क्सवादी विचारवंताने १९३४ मध्ये, अभिव्यक्तिवादाचे बंड अमूर्त व आत्मनिष्ठ असल्यामुळे ते फॅसिझमला पोषक ठरले, असा आक्षेप घेतला होता. एर्न्स्ट ब्लॉख (१८८५–१९७७) याने त्याचे खंडन करताना, भग्न जगाचे चित्र भग्न रूपातच येणार, अशी भूमिका मांडली. १९३७–३८ मधील हा वाद आधुनिक कलासमीक्षेत महत्त्वाचा मानला जातो.

उत्तरकालीन प्रभाव : दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जॅक्सन पॉलक (१९१२–५६), व्हिलेम डी कूनिंग (१९०४–९७) व मार्क रॉथको (१९०३–७०) यांच्या चित्रांतून अमूर्त अभिव्यक्तिवाद विकसित झाला. ब्रिटनमध्ये फ्रान्सिस बेकन (१९०९–९२) याने एकाकी मानवी देहाची विरूपित चित्रे रंगविली. १९७० नंतर जर्मनीत गेऑर्ग बाझेलिट्‌स (१९३८– ) व आन्झेल्म कीफर (१९४५– ) यांच्या कलेत नव-अभिव्यक्तिवाद प्रकटला. राष्ट्राच्या अपराधी भूतकाळाची स्मृती हा कीफरच्या चित्रांचा प्रमुख विषय होय.

भारतातील पडसाद : कँडिन्स्की, क्ले इ. कलावंतांच्या कृती भारतात प्रथम १९२२ च्या डिसेंबरमध्ये कलकत्ता येथील प्रदर्शनात दाखविण्यात आल्या. रवींद्रनाथ टागोर (१८६१–१९४१) यांच्या उतारवयातील चित्रांत अभिव्यक्तिवादाशी जवळीक आढळते. १९३० मध्ये ती पॅरिस व बर्लिन येथे प्रदर्शित झाली. बर्लिनच्या राष्ट्रीय कलावीथीला त्यांनी दिलेली काही चित्रे १९३७ मध्ये ‘अधःपतित’ म्हणून काढून टाकण्यात आली. नाझी राजवटीमुळे मध्य यूरोप सोडून मुंबईत आलेले वॉल्टर लँगहॅमर, रूडॉल्फ फोन लायडन व एमान्युएल श्लेझिंगर यांनी अनुक्रमे चित्रकार, कलासमीक्षक व संग्राहक या नात्याने मुंबईच्या तरुण चित्रकारांना आधुनिक यूरोपीय कलेचा परिचय घडविला. १९४७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ या गटाला त्यांचे साहाय्य लाभले. गटाचे एक संस्थापक फ्रान्सिस न्यूटन सोझा (१९२४–२००२) हे गोव्यातील साळगावचे. बालपणी चर्चमध्ये पाहिलेल्या ख्रिस्ताच्या यातनांची प्रतिमा त्यांनी क्रुसारोपण (१९५९) यांसारख्या चित्रांत जाड, काळ्या, काटेरी रेषांनी रंगविली. या गटाशी निगडित असलेले तैयब मेहता (१९२५–२००९) यांनी फाळणीच्या वेळच्या दंगलीत मुंबईच्या महंमद अली रोडवर एका माणसाची हत्या पाहिली होती. कोसळणारा देह व जखडलेला बैल या त्यांच्या प्रतिमांमागे ही स्मृती आहे. मात्र सपाट रंगक्षेत्रे व मोजक्या रेषा यांच्या शिस्तीत त्यांनी ती बांधली.

मूल्यमापन : अभिव्यक्तिवादामुळे सौंदर्याची कल्पना रमणीयतेच्या मर्यादेतून बाहेर पडली, कुरूप, भयावह व वेदनामय अनुभवही कलेचा विषय म्हणून मान्य झाला. विरूपण हे कौशल्याच्या अभावाचे लक्षण नसून अर्थवाहक असू शकते, ही जाणीव त्याने रुजविली. तथापि विरूपण व भडक रंग यांचे तंत्र सहज अनुकरणीय असल्याने त्यातून भावनेचा केवळ आभास निर्माण करणाऱ्या कृतीही विपुल झाल्या. चित्रकाराच्या मनातील भावना प्रेक्षकाला थेट पडताळून पाहता येत नाही; तिचा प्रत्यय त्याला रंग, रेषा व रचना यांतूनच घ्यावा लागतो. म्हणून अभिव्यक्तिवादी कृतीचे मोलही चित्रकाराने किती सोसले यावरून न ठरता, सोसलेले चित्रात कितपत रूपास आले, यावरून ठरते.